मटकीले शेपूट कोन लावते?

फेब्रुवारी २०२४. मधल्या सुट्टीत तिसरीतली एक मुलगी डबा घेऊन माझ्या टेबलाशी आली. डब्यात मोड आलेल्या मटकीची उसळ होती. एक दाणा चिमटीत धरून तिनं विचारलं, ‘‘मॅडम, मटकीले शेपूट कोन लावते?’’

त्याच आठवड्याच्या चाचणीत तिनं ‘बी रुजण्यासाठी पाणी, हवा व ऊब लागते’ हे बिनचूक लिहिलं होतं. पूर्ण गुण मीच दिले होते. पण ते वाक्य आणि तिच्या डब्यातली मटकी या दोन गोष्टी तिच्यासाठी दोन वेगळ्या गावच्या राहिल्या होत्या. ते माझ्या मनातून जाईना. उन्हाळ्याच्या सुट्टीतच ठरवलं, पुढच्या तिसरीला बीपासून बीपर्यंत सगळं हातानं करू द्यायचं. पेरायचं, आणि त्याच झाडाच्या बिया हातात येईपर्यंत थांबायचं. त्याला जुलै ते जानेवारी असे साडेसहा महिने लागले. इतर शाळांतल्या दोघी-तिघींनी ‘कसं केलं?’ म्हणून विचारलं, म्हणून घडलं तसं लिहून ठेवते आहे.

माझी शाळा नागपूरच्या पूर्व भागात, मराठी माध्यमाची. वर्गात ३४ मुलं, वेळ साडेदहा ते पाच. या वेळेनं पुढे मोठी अडचण केली, ते येईलच.

उन्हामुळे विदर्भात शाळा उशिरा उघडतात. २०२४ साली १ जुलैला उघडल्या. ३ तारखेला मी मुख्याध्यापकांना एक पानी अर्ज दिला: कुंपणालगतची बारा फूट लांब, चार फूट रुंद जागा आणि आठवड्याला दोन तासिका. सर नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, ‘‘मॅडम, जागा शाळेची आहे, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव लागेल.’’ समितीची बैठक १६ जुलैला होती. इथे एक गोष्ट उपयोगी पडली. शालेय पोषण आहारात परसबागेला प्रोत्साहन आहेच. मी अर्जाचा विषय बदलून ‘परसबाग व त्याद्वारे परिसर अभ्यासाचे प्रात्यक्षिक’ असा केला. ठराव दहा मिनिटांत झाला. त्याची सही-शिक्क्याची प्रत मागून घेतली. तुम्हीही घ्या, नोव्हेंबरात मला तिचाच आधार वाटला.

पैशाचं इथेच सांगून टाकते. अनुदान आलेलं नव्हतं, म्हणून खर्च मी केला. भेंडी आणि कोहळ्याचं (पुण्या-मुंबईकडच्या वाचकांसाठी: आमच्याकडे लाल भोपळ्याला कोहळं म्हणतात) बियाणं ८० रुपये, कडधान्यं ९५, सहा भिंगं ३६०, दोन पोती शेणखत १६०, रंगाचे दोन ब्रश ३०, ऑटो १२०. एकूण ८४५. मार्चमध्ये ५६५ परत मिळाले. शेणखताचं बिल नव्हतं आणि ऑटोचे पैसे धरत नाहीत. दुकानातून निघायच्या आधी बिलावर शाळेचं नाव घालून घेणं एवढंच लक्षात ठेवा.

ठरावाची वाट बघत असताना वर्गाच्या खिडकीत बरण्या ठेवायला कुणाची परवानगी लागत नव्हती. ८ जुलैला मुलांना सांगितलं, ‘‘घरी स्वयंपाकघरात जे जे बी आहे असं वाटतं, ते चिमूटभर घेऊन या.’’ दुसऱ्या दिवशी टेबलावर हरभरा, बरबटी (म्हणजे चवळी), मटकी, मेथी, धने, मका आला. शिवाय मुगाची डाळ, तांदूळ, फुटाणे आणि साबुदाणा. माझ्या जिभेवर आलं होतं की साबुदाणा बी नाही. मी गप्प राहिले. त्या वर्षात मी केलेली सगळ्यात कठीण गोष्ट हीच होती, आणि ती पुन्हा पुन्हा करावी लागली. फळ्यावर दोन रकाने केले, ‘उगवेल’ आणि ‘नाही उगवणार’, आणि हात वर करायला सांगून आकडे लिहिले. फुटाण्याच्या बाजूनं २१ हात होते, साबुदाण्याच्या बाजूनं १८.

तीन दिवसांत साबुदाण्याची खळ झाली. मुगाची डाळ फुगली आणि आंबूस वास मारायला लागली. तांदूळ तसाच पडून राहिला. तेव्हा एक मुलगा बोलला, ‘‘आमची आजी भंडाऱ्याले राह्यते, ते तं धान पेरते, तांदूळ नाई.’’ सोमवारी तो खिशातून धान घेऊन आला. चार दिवसांत त्याला बारीक पांढरा कोंब आला. मग धान आणि तांदूळ शेजारी ठेवून भिंगातून बघितले. तांदळाच्या एका टोकाला खाच दिसते. तिथला अंकुर धान सडताना, म्हणजे कांडून टरफल-कोंडा काढताना, निघून गेलेला असतो, हे मी तेव्हा सांगितलं, आणि वर्ग एकदम शांत झाला. पुढे फुटाणे का उगवले नाहीत हे त्यांनीच मला सांगितलं: ‘‘भाजल्यावर मंग तो जिता कसा राहीन?’’

पहिली मोठी चूक मात्र माझी होती. बरण्यांत मी कापूस भरला होता आणि तो चिंब भिजवला होता. जुलैची दमट हवा, त्यात ओला कापूस. आठपैकी पाच बरण्यांना बुरशी आली. मुलं हिरमुसली, मलाही फार वाईट वाटलं. दुसऱ्यांदा, १८ जुलैला, वर्तमानपत्राचा कागद ओला करून, पिळून, गुंडाळी करून बरणीत घातला आणि काच व कागद यांच्या मध्ये दाणे सरकवले. कागद ओला राहतो, दाणे पाण्यात बुडत नाहीत आणि मूळ-कोंब काचेतून स्वच्छ दिसतात. यावेळी मुद्दाम एक बरणी कोरडी ठेवली, एक ओली, आणि एकीत दाणे पाण्यात पूर्ण बुडवले. बुडवलेले दाणे आधी सगळ्यांपेक्षा छान टम्म फुगले, मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि आठवड्यानं ते सडले. ‘जास्त पाणी म्हणजे जास्त प्रेम’ ही समजूत त्या एका बरणीनं मोडली. (बरण्यांतले मोड मुलांना खाऊ देऊ नका. त्यांना मोह होतो.)

चौथी बरणी कपाटात बंद केली. ३४ पैकी २९ जणांचं मत होतं की अंधारात काही उगवणार नाही. सहाव्या दिवशी कपाट उघडलं तर आत खिडकीतल्यापेक्षा उंच, पिवळे, लुळे कोंब. ‘‘मॅडम, हे तं पळून राह्यलं!’’ कुठे पळतंय, असं मी विचारलं. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरून उत्तर आलं, ‘‘उजेड शोधाले.’’

याच आठवड्यात आणखी एक प्रयोग केला. तो सगळ्यांनी करावा असं मला मनापासून वाटतं, कारण त्याला काहीच लागत नाही. मुळं दोन बोटं वाढली की बरणी आडवी करून ठेवायची. दुसऱ्या दिवशी मुळांची टोकं खाली वळलेली असतात आणि कोंब वर. मुलांनी बरणी चार वेळा फिरवली आणि मुळाची नागमोडी करून टाकली. ते मूळ दरवेळी न चुकता खाली गेलं.

आणि वहीतली चित्रं! पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी पुस्तकातलं रोप काढलं, दोन पानं, गुलाबी फूल आणि वर सूर्य. बरणीत तर नुसता वाकडा कोंब होता. मी चित्रं परत दिली नाहीत. फक्त ‘यात बरणीतलं काय काय आहे त्यावर बोट ठेव’ असं प्रत्येकाला म्हटलं. ऑगस्टपर्यंत वह्या बदलल्या. एका मुलीनं बरबटीचे दोन दाणे कोंबाबरोबर मातीवर आलेले काढले आणि शेजारी हरभऱ्याचा दाणा मातीतच राहिलेला. खाली लिहिलं, ‘बरबटी आपला डबा डोक्शावर घेऊन येते. हरभरा डबा घरी ठेवून येते.’ दाण्यातलं अन्न रोपाची पहिली शिदोरी असते हे मी अजून शिकवलंही नव्हतं.

१९ जुलैला बाहेर पेरणी केली. तेलाच्या रिकाम्या डब्यांत भेंडी, कुंपणाशी कोहळं. बियाणं कॉटन मार्केटजवळच्या दुकानातून आणलं. दुकानदाराला ‘सरळ वाण द्या, संकरित नको’ असं सांगितलं, कारण आम्हाला शेवटी बिया धरायच्या होत्या. संकरित वाणाच्या बियांची झाडं आईसारखी येतीलच असं नसतं. पाकीट उघडल्यावर दाणे गुलाबी दिसले. ते बुरशीनाशक लावलेले असतात. लहान मुलांच्या हातात असलं बियाणं देऊ नका. ते मी हातमोजे घालून पेरलं, आणि मुलांनी पेरायला घरच्या भाजीतल्या कोहळ्याच्या वाळवलेल्या बिया ठेवल्या. डब्यांना बुडाशी भोकं पाडलीच पाहिजेत. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात.

त्यानंतर मुसळधार पाऊस, मग एका दुपारी फाटक उघडं राहिलं आणि बकऱ्या शिरल्या. भेंडीच्या बारापैकी सात रोपांचे शेंडे गेले. दोन मुली रडल्या. पण त्या सातांपैकी चार रोपांना खालच्या पानांच्या बगलेतून नवे फुटवे आले. हे मी ठरवून शिकवू शकले नसते.

दर शुक्रवारी आम्ही रोपाशेजारी कागदाची पट्टी धरायचो, रोपाच्या उंचीएवढी कापायचो आणि भिंतीवर ओळीनं चिकटवायचो. सेंटिमीटर न मोजणारा मुलगाही हे करू शकतो. सहा शुक्रवारांनंतर भिंतीवर जिना तयार झाला. बकऱ्यांच्या आठवड्याची पायरी खाली उतरलेली होती. वर्गात येणाऱ्या प्रत्येकाला मुलं ती पायरी दाखवायची.

तान्ह्या पोळ्याची सुट्टी झाली, गणपती बसले आणि ९ सप्टेंबरला भेंडीला पहिलं फूल आलं. फिकट पिवळं, पोटात गडद जांभळं. ‘‘मॅडम, हे तं जास्वंदीची बहीण आहे!’’ खरंच आहे. गणपतीमुळे घरोघरी जास्वंद होतीच. १० तारखेला प्रत्येक जोडीला एक फूल दिलं. ब्लेड नको, नखानं उकललं तरी पुरतं. मधली लांब दांडी, तिच्यावर परागांचे दाणे, टोकाला पाच लाल ठिपके, आणि अगदी बुडाशी हिरवी गाठ. ती गाठ फोडून भिंगाखाली पांढरे ठिपके दिसल्यावर मी एवढंच म्हटलं, ‘‘आता भेंडी चिरा.’’ घरून आणलेली कोवळी भेंडी आडवी कापली. पाच कप्पे, कप्प्यात पांढरे दाणे. फुलाच्या बुडाशी भाजी लपलेली होती हे त्यांच्या चेहऱ्यावर उमटताना मी बघितलं.

चार दिवसांनी एक मुलगा काटोलकडच्या मामाच्या वावरातून पऱ्हाटीची दोन फुलं घेऊन आला. एक पांढरट, एक गुलाबी. कापसाचं फूल उमलतं तेव्हा फिकट असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. तीही जास्वंदीचीच बहीण. (फवारणी झालेल्या वावरातली फुलं हाताळल्यावर हात साबणानं धुवायला लावा.) ऑक्टोबरात त्यानं फुटलेलं बोंड आणलं. कापूस ओढून ओढून सरकी मोकळी केली, तेव्हा कळलं की प्रत्येक धागा बीच्या सालीतूनच निघालेला आहे. त्यानं आपल्या बाहीकडे बघितलं. ‘‘मंग माझा शर्ट बीचे केसं आहे का?’’ हो, म्हटलं, बीचेच केस.

आता कोहळं. वेलाला सप्टेंबरच्या सुरुवातीपासून फुलं यायची आणि फळ एकही धरत नव्हतं. मुलं काळजीत. ती सगळी नर फुलं होती. कोहळ्याला आधी नर फुलं येतात, मादी मागून. मादी फुलाच्या खाली लहानसं कोहळं आधीच दिसतं, त्यामुळे ओळखायला तिसरीच्या मुलालाही अवघड नाही. खरी अडचण वेळेची होती. कोहळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि सकाळ सरताना मिटतं. आमची शाळा साडेदहाला. आम्ही पोचायचो तेव्हा दार बंद झालेलं असायचं.

म्हणून शनिवारी, २१ सप्टेंबरला, सकाळी साडेसात वाजता येण्याची परवानगी मागितली. शाळेच्या वेळेबाहेर मुलं येणार म्हटल्यावर पालकांचं लेखी संमतीपत्र, सोबत एक मोठं माणूस आणि सरांची सही, हे सगळं लागलं. चार दिवस त्यात गेले. ३४ पैकी ११ मुलं येऊ शकली. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही चार मादी कळ्यांवर जुन्या मलमलीच्या पिशव्या बांधल्या होत्या. सकाळी दोन पिशव्या सोडल्या, नर फुलातले पराग ब्रशनं मादी फुलाच्या मधोमध लावले आणि पिशव्या परत बांधल्या. उरलेल्या दोन तशाच बंद. शेजारच्या उघड्या नर फुलात एक मधमाशी पिवळीधमक होऊन फिरत होती. एका मुलीनं विचारलं, ‘‘तिचं काम आपन केलं, तं आज तिले खायाले कोन देईन?’’ मी तिला उघडी फुलं मोजायला सांगितली. सहा होती. तिचं समाधान झालं.

पुढच्या शुक्रवारी बंद ठेवलेली दोन्ही चिमुकली कोहळी पिवळी पडून गळली होती. ब्रश लावलेली दोन फुगली होती. त्या दिवशी मी ‘परागीभवन’ हा शब्द फळ्यावर लिहिला. आधी नाही.

३ ऑक्टोबरला घट बसले. दुसऱ्या दिवशी तीन मुलांनी स्वतःहून सांगितलं की देव्हाऱ्याशी उगवणारं धान पिवळं पडेल, कारण तिथे अंधार आहे, ‘आपल्या कपाटावानी’. दसऱ्यानंतर एकानं आजीला विचारून घटातले दोन कोंब आणून दाखवले.

दिवाळीच्या सुट्टीत पाणी देण्यासाठी जवळच्या पाच घरांनी दिवस वाटून घेतले. मग विधानसभेची निवडणूक आली. २० नोव्हेंबरला आमच्या शाळेत मतदान होतं, मलाही ड्यूटी. त्याआधीच्या साफसफाईत वेल मुळापासून उपटला गेला. मला कळलं तेव्हा मी ठरावाची प्रत घेऊन धावले, पण उशीर झाला होता. एक कोहळं कोवळं होतं, ते वाया गेलं. दुसरं मात्र शिपाई काकांनी आदल्या दिवशीच देठासकट कापून कपाटात ठेवलं होतं. ‘‘पोरायचं आहे, माहीत होतं मले,’’ एवढंच ते म्हणाले. देठ वाळलेला, सालीत नख रुतत नव्हतं, म्हणजे पिकलेलं होतं. वजन ४ किलो २०० ग्रॅम. त्याच सुमारास भेंडीच्या राखून ठेवलेल्या शेंगाही तडकल्या.

कोहळं लगेच कापता आलं नाही. परसबागेची तपासणी व्हायची होती आणि तोवर ते ठेवा असं सांगण्यात आलं. तपासणीची तारीख तीनदा पुढे गेली. कोहळं वर्गात टेबलावर बसून राहिलं. पिकलेलं कोहळं दोन-तीन महिने सहज टिकतं, ही त्यातली बरी गोष्ट.

त्या मोकळ्या वेळात डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात डब्यातल्या संत्र्यांच्या बिया पेरल्या. त्या ताज्याच पेराव्या, वाळल्या की उगवण घटते. थंडीमुळे पाच आठवडे लागले, आणि काही बियांतून चक्क दोन-दोन कोंब आले. नागपुरी संत्र्याच्या एका बीत अनेकदा एकाहून जास्त अंकुर असतात. रोपवाटिकेत काम करणारे एका मुलाचे बाबा वर्गात आले आणि त्यांनी जंबेरीच्या (हा लिंबाचा एक प्रकार) रोपावर संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीवरची कळी, भरून दाखवला. बीशिवायही झाडापासून झाड होतं, हे ऐकून मुलांना जरा अन्यायच वाटला. ‘‘मंग बीनं काय कराव?’’ या प्रश्नावर आम्ही पूर्ण तासिका बोललो. संपलं नाही.

१० जानेवारी २०२५ ला, शुक्रवारी, कोहळं कापलं. कापण्याआधी अंदाज लिहून घेतले. सगळ्यात लहान अंदाज २० बियांचा, सगळ्यात मोठा १००. मग दहा-दहाचे ढीग करत मोजायला बसलो. शंभर झाल्या तेव्हा आरडाओरडा झाला, दोनशेला कुणी ओरडलं नाही, सगळे नुसते मोजत होते. २८७. एका बीच्या. गर खिचडीवाल्या ताईंनी दुपारच्या जेवणात घातला.

बिया राखेत चोळून, सावलीत वाळवून, प्रत्येकाला आठ-आठ दिल्या. पंधरा उरल्या. त्या कुणाच्या, यावर बरीच चर्चा झाली आणि ठरलं की पुढच्या तिसरीच्या. कोरड्या बरणीत भरून चिठ्ठी चिकटवायची होती. मजकूर मी सांगणार होते, पण मटकीचा डबा दाखवणाऱ्या मुलीच्या धाकट्या भावानं, तो याच वर्गात होता, पेन्सिल आधीच उचलली होती. त्यानं लिहिलं:

‘पानी देजा. बुडवू नका. कपाटात ठेवसान तं पळून जाईन.’